नावाची पट्टी आणि आतला माणूस : फाईलच्या शेपटीचा आणि साठवलेल्या आवाजाचा इतिहास



या मालिकेत आपण बहुतेक वेळ रणांगणावर, किल्ल्यांवर आणि तहनाम्यांवर घालवला. आजचा विषय दिसायला वेगळा आहे, पण तोही इतिहासच आहे आणि तुमच्या-माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये बसलेला आहे. फाईलच्या नावामागे एक टिंब येते आणि टिंबामागे तीन-चार अक्षरे येतात. डॉट एमपी थ्री, डॉट वेव्ह, डॉट डॉक, डॉट पीडीएफ. संगणकवाले त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. मी आज त्याला सरळ 'शेपटी' म्हणणार आहे. ही शेपटी आली कुठून, ती तीनच अक्षरांची का झाली, आणि आवाजाच्या फायलींना इतक्या जाती-पोटजाती कशा फुटल्या, हे पाहू.

मी पायदळातला माणूस, सिग्नल्सचा नव्हे. त्यामुळे उदाहरण पायदळाचेच देतो. गणवेशावर छातीशी नावाची पट्टी असते. ती उपयोगाची असते, तिच्यामुळे हाक मारता येते. पण रात्री पहाऱ्यावरचा जवान पट्टी वाचून कोणाला आत सोडत नाही. तो 'थम! कौन आता है?' असे दरडावतो आणि संकेतशब्द मागतो. फाईलची शेपटी म्हणजे ती पट्टी. संकेतशब्द फाईलच्या पोटात असतो. एवढा फरक लक्षात ठेवला तर आजचा सगळा विषय समजेल.

कलकत्ता, १९०२

नोव्हेंबर १९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यात उतरला. त्याने तिथे ज्यांचे गाणे मुद्रित केले त्यांत गौहर जान होत्या. तबकडीवर जागा तीन मिनिटांच्या आसपास. जो ख्याल मैफलीत तासभर फुलायचा, तो तीन मिनिटांत बसवायचा. गौहर जान यांनी तो बसवला, आणि गाणे संपता संपता इंग्रजीतून स्वतःचे नाव उच्चारले.

आज ते ऐकताना आपल्याला गंमत वाटते. कारण मात्र अगदी व्यवहाराचे होते. मूळ ठसे जहाजाने जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात जायचे आणि तबकड्या तिथे निघायच्या. तिथल्या कारागिरांना बंगाली, उर्दू, ब्रज काय कळणार? खोक्यावरची चिठ्ठी सुटली किंवा अदलाबदल झाली तर कोणाचे गाणे कोणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही. म्हणून नाव आवाजातच घालून ठेवले. चिठ्ठी हरवली तरी ओळख हरवणार नाही.

या एका प्रसंगात आजच्या विषयाची दोन्ही सूत्रे आहेत. पहिले, साठवणीचा प्रकार आतल्या मजकुराला आकार देतो. दुसरे, बाहेरच्या चिठ्ठीपेक्षा आतली ओळख भरवशाची.

आवाज आकड्यांत उतरला तो युद्धामुळे

तबकडीवर आवाज खाचांच्या रूपात असतो. संगणकाला खाचा कळत नाहीत, आकडे कळतात. १९३७ च्या सुमारास पॅरिसमध्ये काम करणाऱ्या अलेक रीव्ज या इंग्रज अभियंत्याला एक युक्ती सुचली. आवाजाची लाट ठरावीक अंतराने मोजायची, प्रत्येक वेळी तिची उंची आकड्यात लिहायची आणि फक्त आकडे पाठवायचे. पलीकडे त्या आकड्यांवरून लाट पुन्हा उभी करायची. कल्पना काळाच्या पुढची होती. ती परवडेल अशी साधने तेव्हा नव्हती.

युद्धाला मात्र किंमत परवडते. वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातले बोलणे शत्रूच्या कानी पडू नये म्हणून अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजने 'सिगसॅली' नावाची यंत्रणा बांधली. १९४३ च्या जुलैमध्ये ती सुरू झाली. एका टोकाच्या यंत्राचे वजन सुमारे ५५ टन. बोलणाऱ्याचा आवाज तोडून आकड्यांत बदलायचा आणि त्या आकड्यांत निव्वळ खरखरीचे आकडे मिसळून पाठवायचे. ही खरखर ग्रामोफोनच्या तबकडीवर नोंदलेली असे. तशीच जुळी तबकडी पलीकडच्या टोकाला त्याच क्षणाला त्याच गतीने फिरत असे. पलीकडे खरखर वजा केली की आवाज मोकळा. तबकडी एकदा वापरली की नष्ट करायची. आज आपण खिशातल्या फोनवरून सांकेतिक केलेला आवाज पाठवतो, त्याचा हा ५५ टनी पणजोबा.

युद्ध संपले, साधने लहान झाली आणि १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. हा विचित्र आकडा का? त्याआधी डिजिटल आवाज व्हिडिओच्या फितीवर साठवत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत प्रत्येक चित्रक्षेत्राच्या २४५ ओळी वापरता येत, ओळीत ३ मापे बसत, सेकंदाला ६० क्षेत्रे : गुणाकार करा, ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी, ३ मापे, ५० क्षेत्रे : पुन्हा ४४,१००. दोन्ही खंडांना चालेल असा आकडा म्हणून तो टिकला. व्हिडिओच्या फिती भंगारात गेल्या, तरी त्यांच्या ओळींचा हिशेब आपल्या गाण्यांत अजून वाजतो आहे.

शेपटी तीन अक्षरांचीच का?

आता फाईलच्या नावाकडे वळू. १९६४ मध्ये अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-६ नावाचा संगणक आणला. हा संगणक एका वेळी ३६ बिटांचा एक शब्द हाताळायचा. एका अक्षराला ६ बिट लागत, म्हणजे एका शब्दात सहा अक्षरे. त्यामुळे फाईलचे नाव सहा अक्षरांचे, आणि शेपटीला दिला अर्धा शब्द, म्हणजे तीन अक्षरे. तीनचे मूळ एवढेच. त्यात सौंदर्यशास्त्र नाही, ती रेशनिंगची गोष्ट आहे.

१९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही कार्यप्रणाली तयार केली. वळण त्याच कंपनीच्या यंत्रांचे होते. नाव आठ अक्षरांचे झाले, शेपटी तीनचीच राहिली. तिथून ती पद्धत मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये आणि १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये आली. गंमत म्हणजे डॉसच्या तक्त्यात टिंब साठवलेलेच नसे. आठ घरे नावाची, तीन घरे शेपटीची. मधले टिंब आपल्याला दाखवण्यापुरते.

त्याच काळात दुसरे दोन विचारही चालू होते. युनिक्सवाल्यांनी शेपटीला काही मान दिला नाही. त्यांच्या लेखी टिंब हे इतर अक्षरांसारखे एक अक्षर. १९७३ पासून त्यांच्याकडे 'फाईल' नावाचीच एक आज्ञा आहे. ती नाव न वाचता आतला मजकूर तपासते आणि हा माल कोणत्या जातीचा ते सांगते. बहुतेक फायलींच्या सुरुवातीला काही ठरावीक अक्षरे असतात. त्यांना मॅजिक नंबर म्हणतात. हाच आपला संकेतशब्द. १९८४ च्या अ‍ॅपल मॅकिंटॉशने तिसरी वाट धरली : प्रत्येक फाईलबरोबर चार अक्षरांची जात आणि चार अक्षरांचा निर्माता अशी नोंद वेगळी ठेवायची. वापरणाऱ्याने नाव काहीही द्यावे.

विचार तिन्ही होते, पण जगभर पसरला पीसी. त्यामुळे पट्टी वाचून माणूस ओळखायची सवय साऱ्या जगाला लागली.

आवाजाच्या पेट्या

आवाजाची फाईल म्हणजे नुसते आकडे नव्हेत. सेकंदाला किती मापे, एक माप किती बिटांचे, आवाज एका बाजूचा की दोन्ही, हे सांगितल्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून आकडे एका पेटीत घालायचे आणि पेटीच्या तोंडाशी यादी लावायची, असा मार्ग निघाला. १९८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने अशा पेटीचा नमुना जाहीर केला. अ‍ॅपलने त्यावरून १९८८ मध्ये एआयएफएफ केली. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी त्याच नमुन्यावर 'रिफ' ही पेटी आणि तिच्यात बसणारी वेव्ह फाईल आणली. कोणतीही नेहमीची वेव्ह फाईल घ्या, तिची पहिली चार अक्षरे इंग्रजीत 'रिफ' अशी असतात, आणि थोड्याच पुढे 'वेव्ह' असे लिहिलेले असते. गौहर जानसारखेच : नाव आत.

वेव्ह फाईल प्रामाणिक, पण लठ्ठ. सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटाला दहा एमबींहून जास्त जागा. ज्या काळात हार्ड डिस्क शंभर-दोनशे एमबीच्या होत्या आणि टेलिफोनवरून इंटरनेट रखडत यायचे, त्या काळात हे ओझे कोण वाहणार?

एर्लांगेनची काटकसर

उत्तर जर्मनीत एर्लांगेनला तयार होत होते. तिथले प्राध्यापक डीटर झाइट्झर यांना टेलिफोनच्या तारेवरून चांगल्या दर्जाचे संगीत पाठवायचे होते. पेटंटच्या परीक्षकाने हे शक्यच नाही म्हणून अर्ज अडवला. झाइट्झर यांनी काम आपल्या विद्यार्थ्याकडे सोपवले, त्याचे नाव कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग. फ्राउनहोफर संस्थेत मंडळी जमली आणि अनेक वर्षे खपली.

त्यांची युक्ती माणसाच्या कानावर आधारलेली आहे. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती कुजबुज साठवायची कशाला? जे कानाला जाणवणार नाही ते हिशेब करून गाळायचे आणि उरलेले दाबून भरायचे. सुझान व्हेगा यांचे साथीशिवाय गायलेले 'टॉम्स डायनर' हे गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीला घेतले. एकटा मानवी आवाज, लपायला जागा नाही. सुरुवातीला त्याची पार वाट लागायची. तो आवाज नीट येईपर्यंत त्यांनी पद्धत सुधारत नेली.

एम्पेग-१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा स्तर म्हणून ही पद्धत मान्य झाली. पण नाव लांबलचक होते आणि फायलींना सुरुवातीला 'डॉट बिट' अशी शेपटी लावत. १४ जुलै १९९५ रोजी संस्थेतल्या मंडळींनी ई-मेलवर मत घेऊन ठरवले की यापुढे शेपटी 'डॉट एमपी थ्री'. तीन खुणा, पीडीपी-६ च्या अर्ध्या शब्दाच्या मापाच्या. आणि पुढच्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ आले, त्यात नावाला २५५ अक्षरांपर्यंत मुभा मिळाली. रेशनिंग संपायच्या एक्केचाळीस दिवस आधी जन्मलेले हे नाव जगाने डोक्यावर घेतले.

१२८ किलोबिट वेगाच्या एमपी थ्रीला मिनिटाला जेमतेम एक एमबी लागतो. सीडीच्या अकरावा हिस्सा. पण गाळलेले परत येत नाही, हे पक्के समजून घ्या. एमपी थ्रीची वेव्ह करून घेतली तर फाईल अकरा पट फुगते, आवाज कणभरही सुधारत नाही. उसाचा रस काढल्यावर चिपाडावर पाणी ओतून ऊस होत नाही.

पुढची भावंडे थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये एएसी आली, तीही गाळणारीच, पण अधिक चतुर. २००० च्या सुमारास ऑग व्हॉर्बिस आली, कारण एमपी थ्रीवर पेटंटची फी होती आणि काही मंडळींना पूर्ण मुक्त पद्धत हवी होती. २००१ मध्ये जॉश कोल्सन यांची फ्लॅक आली. ती काहीही न गाळता फक्त घडी घालते, घडी उलगडली की मूळ आकडे जसेच्या तसे. २०१२ मध्ये ओपस मानक झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही जो आवाजी निरोप पाठवता तो याच पद्धतीचा. आणि २०१७ मध्ये एमपी थ्रीच्या परवान्यांची व्यवस्था बंद झाली, आता ती कोणालाही मोकळी आहे.

पट्टीवर विश्वास ठेवल्याची किंमत

विंडोजने आणखी एक गोष्ट केली. वापरणाऱ्याला कटकट नको म्हणून ओळखीच्या शेपट्या दाखवायच्याच नाहीत असे ठरवले. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या एका ई-मेलने याचा फायदा उठवला. विषय होता 'आय लव्ह यू'. सोबतच्या फाईलचे नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. शेवटची शेपटी विंडोजने झाकली. माणसांना दिसले ते 'डॉट टीएक्सटी', म्हणजे साधे पत्र. प्रत्यक्षात तो हुकूम चालवणारा प्रोग्रॅम होता. उघडताच त्याने पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती धाडल्या, चित्रांच्या फायली पुसून त्यांवर स्वतःला लिहिले, आणि एमपी थ्री फायली लपवून त्यांच्या नावाने आपली पिल्ले बसवली. ब्रिटनच्या संसदेलासुद्धा ई-मेल बंद करावी लागली. शत्रूच्या सैनिकाने आपला गणवेश घालून आत शिरावे, तसा हा प्रकार.

आज आपल्या देशात याची उलटी आवृत्ती चालू आहे. अनोळखी क्रमांकावरून लग्नाची पत्रिका येते किंवा वाहनाच्या दंडाची पावती येते. नावामागे शेपटी 'डॉट एपीके'. पोलिसांनी वारंवार इशारे देऊनही लोक ती दाबतात, फोनमध्ये चोर शिरतो आणि खाते रिकामे होते. इथे पट्टी अगदी खरी असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचा प्रोग्रॅम, पत्रिका नव्हे. फक्त वाचणाऱ्याला पट्टी वाचता येत नाही. म्हणजे दोन्ही हवे : पट्टी वाचता यायला हवी, आणि तेवढ्यावर थांबू नये हेही कळायला हवे.

नऊ मिनिटे

आता एक अनुभव. आमच्या पलटणीतले एक सुभेदार, बेळगावकडचे, काही वर्षांपूर्वी गेले. त्यांची नात माझ्याकडे जुन्या फोनचे मेमरी कार्ड घेऊन आली. शाळेत असताना तिने आजोबांना १९७१ बद्दल बोलते केले होते आणि साध्या फोनवर ते टिपले होते. ''सर, आजोबांचा आवाज गेला,'' ती म्हणाली. नव्या फोनवर फाईल वाजेना. कोणीतरी 'एमपी थ्री करून देतो' म्हणून नावामागची शेपटी बदलून दिली होती, तरी वाजेना. दुकानदाराने सांगितले, करप्ट आहे, काढून टाका.

आम्ही फाईलची एक प्रत केली आणि ती प्रत संगणकावर नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर अगम्य चिन्हे. पण अगदी पहिल्या ओळीत, सुरुवातीलाच, इंग्रजीत तीन स्पष्ट अक्षरे होती : एएमआर. ही जुन्या मोबाईलची बोलणे साठवायची पद्धत, १९९९ मध्ये मानक झालेली. दहा मिनिटांच्या बोलण्याला साधारण एक एमबी, त्या काळच्या फोनला सोयीची. फाईलला काहीच झाले नव्हते. तिच्या छातीवर दुसऱ्याच्या नावाची पट्टी लावली होती, एवढेच. शेपटी परत 'डॉट एएमआर' केली, व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर चालू केला आणि सुभेदारसाहेब बोलू लागले.

नऊ मिनिटे. मागे कुकरची शिट्टी, अंगणात कोंबड्या. डिसेंबरातली एक रात्र, गुडघाभर पाणी, आणि परत न आलेल्या दोघांची नावे, त्यांच्या गावांसकट. पलटणीच्या कागदांत त्या दोघांची नावे आहेत. पण त्यांतला एक जण चालताना सगळ्यांत मागे राहून दमलेल्यांची पिशवी घ्यायचा, हे कुठल्याही कागदात नाही. ते फक्त त्या फाईलमध्ये होते.

१९७१ मध्ये लढलेला सर्वांत तरुण जवानही आज सत्तरीच्या पुढे आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथे जिथे आपली माणसे आहेत, तिथल्या कपाटांत असे जुने फोन, कार्डे, सीड्या पडून आहेत. त्यांतल्या कितीतरी फायली 'खराब' म्हणून पुसल्या जातात, आणि त्यांतल्या काही खराब नसतात.

करायचे काय?

फौजी माणूस भाषण आदेशांनी संपवतो, तसे चार आदेश देतो.

एक, जुनी फाईल न वाजली तर पुसू नका आणि नाव बदलून 'दुरुस्त' करू नका. नाव बदलल्याने आतले काही बदलत नाही. आधी प्रत करा, मग प्रतीवर प्रयोग करा.

दोन, मूळ फाईल जशी आहे तशी जपा. तिच्यावरून एक वेव्ह किंवा फ्लॅक करून ठेवा आणि नातेवाइकांना पाठवायला एमपी थ्री. निदान दोन वेगळ्या जागी प्रती असू द्या, त्यांतली एक घराबाहेर.

तीन, संगणकावर शेपट्या दिसतील अशी मांडणी चालू करा. फोनवर पत्रिका, पावती, फोटो म्हणून 'डॉट एपीके' आले तर हात लावू नका.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करा आणि मुद्रण सुरू होताच त्यांना स्वतःचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने सांगायला लावा. पुढे फाईलचे नाव बदलेल, शेपट्या बदलतील, आजच्या पद्धती एएमआरसारख्या जुन्या होतील. गौहर जान यांनी १९०२ मध्ये जे केले ते तरीही चालेल. आवाज जोवर ऐकू येतो, तोवर तो कोणाचा हे त्यालाच सांगता येईल.

पुढच्या भागात पुन्हा रणांगणावर भेटू. तोवर घरातले जुने फोन चार्जिंगला लावा.

जय हिंद!